पात्याचं पाणी

त्या वर्षी थंडी उंबऱ्यावरच्या पाहुण्यासारखी आली, टेकली न टेकली तोच उठून गेली. हिवाळा सरायच्या आतच दुपारी अंगातला स्वेटर काढावा लागे. बागांमधल्या झाडांना वाटलं, आला आपला हंगाम. नासपतीच्या फांद्यांवरचे डोळे, कोंब फुटायच्या त्या गाठी, फुगायला लागले. छाटणी करायची ती डोळे मिटलेले असताना. एकदा का डोळा उघडला की कापल्या जागेतून पाणी गळत राहतं आणि फळ बारीक होतं. म्हणून बागवाले मुकादमाच्या मागे लागले, मुकादम छाटणीवाल्यांच्या मागे आणि छाटणीवाले धारवाल्याच्या मागे. सगळ्या गावाला घाई सुटली.

धारवाल्याचं घर बागांकडे जाणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी होतं. पुढे पत्र्याची शेड, मागे दोन खोल्या. शेडमध्ये पायाने फिरवायचं दगडी चाक होतं. त्याच्यावर टांगलेल्या डब्याच्या बुडाला भोक पाडून चिंधी खोचलेली, तिच्यातून थेंब थेंब पाणी दगडावर पडायचं आणि खालच्या घमेल्यात राखाडी चिखल साचायचा. गावातल्या सगळ्या स्वयंपाकघरांच्या सुऱ्या, खानावळीच्या आचाऱ्याचे सुरे, शिंप्याच्या कात्र्या, बागांचे कोयते आणि छाटणीच्या कात्र्या, सगळं या एका चाकाखालून जात असे.

चाक आबांचं. पण तरणेपणी त्यांनी कोरड्या दगडावर काम केलं होतं आणि ती सगळी भुकटी आता छातीत बसली होती. चार वेळा पायडल मारलं की भात्यासारखे फुसफुसत. तेव्हा पायडल सुनेने घेतलं, मग हळूहळू पातंही तिच्याच हातात आलं. आबा शेजारी खुर्ची टाकून बसत आणि नुसता आवाज ऐकत. पातं दगडावर जरा आडवं पडलं की डोळे न उघडता म्हणत, "उभं धर, पोरी." ती उभं धरी.

मुलगा होता, पण तो असून नसल्यासारखा. त्याचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावरच राहिलं. लहानपणी घडीभर जागेवर बसत नाही म्हणून आबांनीच त्याला भिंगरी म्हटलं, तेच नाव गावाने उचललं. त्याने टेम्पो चालवून पाहिला, गॅरेजात हात काळे केले, फळांच्या पेट्या चढवल्या, पण कुठल्याही कामावर ऋतू पालटेपर्यंत टिकला नाही. भांडण नाही, तंटा नाही; एका सकाळी पाय उचलायचे आणि निघायचं. आता गेल्या पावसाळ्यापासून घरी होता. सुऱ्या घरोघर पोचवायचा, आणायचा, आणि दूरच्या रस्त्यावरून ट्रक गेला की बोलता बोलता थांबून त्याच्या आवाजाकडे कान लावायचा. बायकोला ते दिसे. ती पायडल जरा जोरात मारी.

छाटणीच्या ऐन गर्दीत मुकादम पोतं भरून कात्र्या घेऊन आला. उद्या सकाळी सगळ्या पाहिजेत म्हणाला. आबांनी पोत्यात डोकावून पाहिलं आणि मान हलवली. निम्म्या होतील, उरलेल्या परवा. मुकादम म्हणाला, परवापर्यंत झाड माझ्यासाठी डोळा मिटून बसणार आहे का? ते ऐकून दारातल्या भिंगरीला चेव आला.

"सगळ्या देतो," तो म्हणाला. "सकाळी बागेत आणून देतो."

मुकादम गेल्यावर आबांना खोकल्याची उबळ आली ती थांबेचना. ओठ काळेनिळे पडायला लागले तसं सुनेने त्यांना रिक्षात घातलं आणि वाफ द्यायला दवाखान्यात नेलं. जाताना सांगून गेली, तुम्ही नुसत्या कात्र्या खोलून ठेवा, गंज पुसून ठेवा, आल्यावर मी बसते.

भिंगरी थोडा वेळ कात्र्या खोलत बसला. पोतं काही उतरेना. तिसऱ्या की चौथ्या कात्रीला त्याचे पाय आपोआप हलायला लागले. पलीकडे वेल्डिंगवाला होता. भिंगरी उठला, त्याच्याकडून विजेचं ग्राइंडर मागून आणलं, प्लगात घातलं आणि पहिलं पातं टेकवलं.

ठिणग्यांचा झोत उडाला. सुनेला जितका वेळ नुसतं पातं बसवायला लागे तेवढ्यात धार निघाली. भिंगरीला हसू आलं. दुसरी, तिसरी, चौथी. शेडमध्ये जळक्या लोखंडाचा वास भरला. त्याला वाटलं, आपण या घरात उगाचच वेडे ठरलो. काम हळू असतं असं नाही, माणसंच त्याला हळू करून ठेवतात.

मग एक पातं उजेडात धरलं तेव्हा त्याच्या कडेला निळसर झाक दिसली. त्याने मागची काढून पाहिली. तिच्यावरही होती. सगळ्यांवर होती.

ते निळं म्हणजे काय हे त्या घरात वाढलेल्याला सांगायला नको. पातं तापलं, त्याचं पाणी गेलं. पाणी गेलेलं पोलाद दिसायला धारदार दिसतं, बोटालाही लागतं, पण लाकडात गेलं की ओल्या पुठ्ठ्यासारखं मुडपतं. भिंगरी उभाच राहिला. पोत्यात अजून बऱ्याच कात्र्या होत्या. रेघ बारीक आहे, त्याने स्वतःला सांगितलं, केसाएवढी. एवढ्याने काय होतंय. त्याने पॉलिश पेपर घेतला आणि निळं घासून काढलं. उरलेल्याही तशाच केल्या, तशाच घासल्या, तेलाचं फडकं फिरवलं आणि ग्राइंडर परत देऊन आला.

आबा आणि सून आले तेव्हा कात्र्या ओळीने मांडलेल्या होत्या. आबांनी हातात आली ती उचलली, अंगठ्याच्या नखावर टेकवली. डोळ्यांत दवाखान्याची गुंगी होती. बरी आहे म्हणाले आणि आत जाऊन पडले. बायकोने खाली वाकून घमेलं उचललं.

"चिखल कुठे गेला?" तिने विचारलं.

"ओतून आलो," तो म्हणाला.

तिने कोरड्या घमेल्यावरून बोट फिरवलं आणि ते खाली ठेवलं. तेवढ्यात आतून आबांनी पाणी मागितलं, ती आत गेली.

सकाळी भिंगरीने सायकलला पोतं बांधलं आणि बागेत गेला. दव पडलेलं होतं, शिड्या झाडांना टेकलेल्या, माणसं शेकोटीभोवती हात चोळत होती. त्यांच्यात एक पन्नाशी ओलांडलेली, काटकुळी, डोक्याला फडकं गच्च आवळलेली बाई होती. सगळे तिला खारूताई म्हणत, कारण शिडी लावायच्या आधीच ती झाडात असे. सगळ्या टोळीत तिची रांग पुढे. तिने आपली कात्री ओळखून उचलली, उघडमीट केली आणि चढली.

भिंगरीला घरी जायची घाई नव्हती. तो बांधावर बसून गप्पा मारत राहिला. ऊन वर आलं तशा वरच्या आवाजात फरक पडला. चांगली कात्री फांदीत जाते तेव्हा टिचकी वाजवल्यासारखा आवाज येतो. आता चिरडल्यासारखा येऊ लागला. एक जण खाली उतरून कात्री दगडावर घासायला लागला. दुसरा शिव्या देत होता. भिंगरीला निघून जावंसं वाटलं, पण सायकल खारूताईच्या झाडाखालीच होती.

तिने वरूनच हाक मारली. "अरे धारवाल्या, ही चावतेय. कापत नाही."

"नवी धार आहे, मावशी," तो म्हणाला. "दोन-चार फांद्यांत बसेल."

"तुझ्या बापाची धार कधी बसायची वाट बघावी लागली नाही." तिने पात्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. पण त्या घरावरचा विश्वास जुना होता. तिने कात्री पुसली आणि वरच्या जाड फांदीला लावली.

एका हाताने दबेना म्हणून तिने दोन्ही हात घातले. कात्री अर्ध्यात अडकली. तिने अंगाचा झोक देऊन पिळली, पातं मुडपलं, कात्री एकदम सुटली आणि तिच्या झोकाबरोबर शिडी आडवी फिरली. ती ओरडली नाही. फांद्या मोडल्याचा आवाज झाला आणि मग जमिनीवर कोणीतरी धान्याचं पोतं टाकावं तसा.

भिंगरी सगळ्यांच्या आधी पोचला. ती उठून बसली होती आणि आपल्या उजव्या हाताकडे दुसऱ्या कोणाचा असावा तशी पाहत होती. मनगट आणि कोपर यांच्यामध्ये, जिथे सांधा नाही तिथे, हात वाकला होता.

मुकादमाच्या ट्रकमधून तिला दवाखान्यात नेलं. खड्डा आला की तिचा श्वास अडके, तेवढंच. डॉक्टरने हाड ओढून बसवलं तेव्हा तिने डाव्या हाताने भिंगरीचं मनगट धरलं होतं, नखं रुतली. प्लास्टर वाळेपर्यंत ती भिंतीकडे बघत होती. मग म्हणाली, "माझी रांग कोण संपवणार?"

बाहेर येऊन तो दवाखान्याच्या पायरीवर बसला. उठला, फाटकापर्यंत गेला. तिथून मोठा रस्ता दिसत होता. एरवी इथूनच तो निघाला असता. कधी निघून गेल्यावर त्याला कोणी विचारलं नव्हतं, कारण मागे ठेवून जाण्यासारखं त्याने काही केलेलंच नसे. आज मागे काहीतरी होतं. तो परत येऊन पायरीवर बसला.

बागेतल्या सगळ्या कात्र्या पोत्यात भरून तो घरी आला तेव्हा बायको खानावळीचा सुरा लावत होती, आबा खुर्चीत होते. त्याने पोतं रिकामं केलं. कोणी विचारायच्या आत सगळं सांगितलं: ग्राइंडर, निळं, पॉलिश पेपर, आणि धार बसेल म्हणाला तेही.

बायकोचा पाय थांबला. चाक आपल्या वेगाने थोडं फिरलं आणि तेही थांबलं.

"चिखल ओतला म्हणालात," ती एवढंच म्हणाली.

आबांनी एक कात्री उचलून घेतली, मधला खिळा काढला, मुडपलेली कड बोटाने चाचपली. भिंगरीला वाटलं आता हात उठेल. लहानपणी उठायचा. पण आबांच्या हातात तेवढा दम नव्हता आणि बहुधा मनातही नव्हता.

"जेवढं निळं झालं तेवढं मेलं," ते सुनेला म्हणाले. "मेलेलं काढायचं. जितं लागेपर्यंत."

भिंगरी चाकाकडे सरकला. मी बसतो म्हणाला. आबांनी मान हलवली.

"तू पाणी घाल."

मग तो पाणी घालत राहिला. डबा रिकामा होत आला की बादलीतून भरायचा, घमेलं भरलं की ओतून यायचा. एवढं काम पूर्वी तो शाळेतून आल्यावर करत असे. गिऱ्हाइकं येत, सुऱ्या ठेवत, बाप्या माणूस पाणी भरतोय आणि बाई चाकावर बसलीय हे बघत आणि काही न बोलता जात. गावात तोवर सगळं पोचलं होतं. शिंप्याने तेवढं विचारलं, काय रे, ग्राइंडर परत दिलं का. भिंगरीने हो म्हटलं.

पातं एका दमात घासता येत नव्हतं. थोडं घासायचं, पाण्यात बुडवायचं, आबांनी बघायचं, परत घासायचं. जितं पोलाद लागलं की आवाज बदले, खरखर जाऊन सळसळ येई. आपल्याला तो फरक कळतो हे भिंगरीला त्या दिवशी पहिल्यांदा उमगलं. एकदा तर आबांच्या आधी त्याच्या तोंडून निघालं, लागलं. आबांनी डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं आणि परत मिटले. बायकोच्या पाठीवर घामाचा नकाशा उमटला होता, पोटरीचा स्नायू गोळा होऊन थरथरत होता. ती थांबली नाही आणि तिला थांब म्हणायचं धाडस त्याचं झालं नाही.

कात्र्या न्यायला मुकादम आला तो तापलेलाच होता. टोळीतला सगळ्यात चपळ हात गेला, रांगा उरल्या, बागवाला डोक्यावर बसलाय, असं बरंच बोलला. आबांनी ऐकून घेतलं. आपलेच दात नि आपलेच ओठ, बोलणार कोणाला.

"तिच्या जागी मी चढतो," भिंगरी म्हणाला.

मुकादम हसला. "तू? बाबा रे, तू जमिनीवर टिकत नाहीस, शिडीवर काय टिकणार?"

भिंगरीने बायकोकडे पाहिलं. तिने मान वर केली नाही, पण हातातली कात्री तेल लावून बंद केली आणि मुकादमाला न देता भिंगरीपुढे ठेवली.

छाटणी लांबून सोपी दिसते. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत त्याच्या तळव्याला फोड आले आणि संध्याकाळपर्यंत फुटले. शिडीच्या दांड्याने पायाच्या तळव्याला वळ पडले, मान वर करून करून आखडली. कुठली फांदी ठेवायची, कुठली काढायची, काही कळेना. टोळीतले लोक बोलत नव्हते. त्याची पाण्याची बाटली कोणी हलवली नाही, पण शेकोटीपाशी त्याला जागाही कोणी केली नाही.

दुसऱ्या दिवशी खारूताई आली. हात गळ्यात बांधलेला, चालताना चेहरा वाकडा होत होता. एक खोकं पालथं घालून त्याच्या झाडाखाली बसली. त्याला वाटलं शिव्या देईल. तिने थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, "झाडाचे केस कापतोयस का?"

मग तिने खालून सांगायचं आणि त्याने वरून कापायचं असं चालू झालं. बाहेर बघणारा डोळा ठेव, त्याच्या वर काप. आत बघणारा ठेवलास तर फांदी आत जाते आणि झाड कोंडतं. तिरपं काप, पाणी निथळलं पाहिजे. घाई करू नको. चुकलेली फांदी चिकटवता येत नाही. तिची जीभ कात्रीपेक्षा बरी चालत होती. खाली वाकला की म्हणे, कुल्ले आत घे, शिडीला लाज वाटेल. टोळीतले हसत. दोन-चार दिवसांनी तोही हसला.

जेवायच्या सुट्टीत तिला डब्याचं झाकण डाव्या हाताने उघडत नसे. तो उघडून देई. एकदा त्याने विचारलं, मावशी, तुमचं गाव कुठलं? ती म्हणाली, छाटणी चालू असेल ते. नवरा याच टोळीत होता, तापाने गेला. मूल झालं नाही. हिवाळ्यात इथे, मग वरच्या डोंगरातल्या बागा, मग फळ उतरवायला आणखी कुठे. पथारी ट्रकमध्येच. हे ती अशा सुरात सांगत होती, जणू पावसाने काल ओलं झालं, आज वाळलं.

"कंटाळा नाही येत?" त्याने विचारलं. "एका जागी कधी राहावंसं नाही वाटत?"

"तुला फिरावंसं वाटतं म्हणून विचारतोयस," ती म्हणाली. "मला कोणी कुठे राहा म्हटलंच नाही, तर वाटायचं काय?"

संध्याकाळी तो घरी येई तेव्हा टोळीच्या बोथट कात्र्या पोत्यात असत. तळव्यांना चिंध्या बांधून तो शेडमध्ये बसे. आधी पाणी घालायचा, मग एक दिवस बायको चाकावरून उठली आणि बाजूला झाली. तो बसला. दिवसभर शिडीवर उभं राहिलेल्या पायांना बसणं इतकं गोड लागत होतं की पायडलही विसाव्यासारखं वाटलं. पातं टेकवलं. दिवसभर हीच कात्री हाताने दाबली होती, कुठे अडते, कुठे पकडते हे तळव्याला ठाऊक होतं. तळव्याला जिथे दुखलं तिथे तो घासत गेला.

"उभं धर," आबा म्हणाले.

त्याने उभं धरलं. बायको दाराला टेकून उभी होती. ट्रक रस्त्यावरून गेला. त्याला ऐकू आला की नाही कोण जाणे, पण त्याचा पाय थांबला नाही, एवढं तिने पाहिलं.

रांगा संपल्या तोवर शेंड्याच्या काही फांद्यांवर डोळे उघडलेच. कापलेल्या जागा गळत होत्या. बागवाल्याने तोंड वाकडं केलं, पण बाकी बाग वेळेत झाली होती. मुकादमाने उद्या सकाळी निघायचं सांगितलं. वरच्या डोंगरात अजून थंडी होती, तिथली झाडं झोपलेली होती.

शेवटच्या कात्र्या द्यायला भिंगरी गेला तेव्हा टोळी शिड्या ट्रकवर बांधत होती. खारूताई आपली वळकटी घेऊन उभी होती आणि मुकादम तिच्याशी नेहमीपेक्षा गोड बोलत होता. या खेपेला तू थांब, हाड जुळू दे, पुढल्या हिवाळ्यात आहोतच की. ती म्हणाली, थांबू कुठे? मुकादमाने हात पसरले. ट्रकमध्ये जागा आहे ती हातांना आहे, बाई. वाटेत दुसरा माणूस घ्यायचा ठरलाय.

तिने वळकटी खाली ठेवली, परत उचलली, या बगलेतून त्या बगलेत घेतली. बाकीचे शिड्यांच्या दोऱ्या आवळत राहिले. सगळ्यांना माहीत होतं की एकदा भरलेली जागा कोणी परत रिकामी करत नाही.

भिंगरीने मुकादमाला बाजूला घेतलं. तिचा हात बरा होईपर्यंत मी आलो तर जागा कोणाची, असं विचारलं. मुकादमाने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"टिकलास तर तिची," तो म्हणाला. "मध्येच पळालास तर माझी. मग मला विचारायला यायचं नाही."

घरापर्यंतचा रस्ता भिंगरीने सायकल हातात धरून चालत काढला. बायको मागच्या दारी कपडे वाळत घालत होती. त्याने सांगितलं. तिने हातातला ओला सदरा पिळला, झटकला, दोरीवर टाकला.

"तुम्हाला जायचंच होतं," ती म्हणाली. "आता कारण चांगलं मिळालं."

"आता नाही जायचं मला."

"नाही?"

"नाही." तो दोरीच्या खांबाला टेकला. "तुझ्याशेजारी चाकावर बसायचंय. आत्ता कुठे जमायला लागलं होतं. पण ती ट्रकशेजारी वळकटी घेऊन उभी आहे, तिला जायला जागा नाही, आणि ते माझ्यामुळे."

ती बराच वेळ दोरीवरच्या सदऱ्याच्या सुरकुत्या काढत होती. निघालेल्या सुरकुत्यासुद्धा काढत होती. मग तिने डोळे पुसले, हात ओले होते म्हणून सगळं तोंड ओलं झालं.

"मग जा," ती म्हणाली. "जायचं होतं तेव्हा मी मनातल्या मनात रोज अडवत होते. आता नाही अडवत."

खारूताईला आणायला ती स्वतः गेली. खारूताई येईना. दुसऱ्याच्या घरी बसून खायची सवय नाही म्हणाली, दयेचा घास घशाखाली उतरत नाही म्हणाली. बायकोने तिची वळकटी उचलून सायकलवर टाकली.

"दया कसली? हात मोडलाय, पाय शाबूत आहेत ना? आमच्याकडे पायडल मारायला माणूस नाही."

खारूताईने आपल्या पायांकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांना कोणी असं कामाला बोलावलं नव्हतं. शेडमध्ये आल्यावर तिने चाकाला दोन-तीन वेळा पाय मारून बघितला आणि म्हणाली, हे तर शिडीपेक्षा सोपं, पडलं तरी वीतभर. आबा खुर्चीतून कुरकुरले, आता दोन-दोन बायका मला गप्प बसवणार. पण त्या दिवशी ते खोकले कमी.

सकाळी ट्रक शेडसमोरच थांबला. हवेत पुन्हा थोडा गारवा होता. बायकोने डबा दिला, तळव्यांना बांधायला धुतलेल्या चिंध्या दिल्या आणि हातात धरायचा धारेचा एक लहान दगड फडक्यात गुंडाळून दिला. आबांनी काही दिलं नाही. त्यांनी त्याचा हात उलटा करून तळव्यावरचे घट्टे अंगठ्याने चाचपले, पातं चाचपावं तसे, आणि सोडला. खारूताई म्हणाली, वरची झाडं म्हातारी आहेत, त्यांच्याशी नीट वाग. आणि माझी पथारीची जागा केबिनच्या पाठीला लागून आहे, तिथे दणके कमी बसतात, ती जागा कोणाला देऊ नको.

तो चढला. ट्रक हलला. बायको रस्त्याच्या मध्ये उभी होती, हात वर केलेला नव्हता, नुसती उभी होती. वळणाआड घर गेलं तरी त्याचे डोळे तिकडेच होते. आयुष्यात कितीदा निघाला असेल, पण मागे वळून कधी पाहिलं नव्हतं. उडी मारावी आणि धावत जावं असं वाटलं. पाय हलायला लागले. त्याने ते शिड्यांच्या दांड्यांत घट्ट रोवले.

चढ लागला. बागा मागे पडल्या. शेजारचा छाटणीवाला, ज्याने पहिल्या दिवशी त्याला शेकोटीपाशी जागा केली नव्हती, त्याने थोडा वेळ आपली कात्री उघडमीट केली आणि त्याच्यापुढे धरली.

"बघ रे जरा. टोकाला अडखळतेय."

भिंगरीने ती घेतली. नखावरून फिरवली, उजेडात धरली. मग फडक्यातून दगड काढला, गुडघ्यांत पक्का दाबला आणि बाटलीतलं पाणी त्याच्यावर ओतलं.

"घाई नाही ना?" त्याने विचारलं.

छाटणीवाल्याने वर चढत जाणाऱ्या लांबलचक रस्त्याकडे पाहिलं. नाही म्हणाला. पोचेपर्यंत कसली घाई.

भिंगरीने पातं दगडावर टेकवलं आणि उभं धरलं.